जनाबाईंची नाममुद्रा आणि संगणकीय खुणा : चिन्हांकन भाषेचे स्वरूप

१. प्रास्ताविक

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. त्यांची अभंगरचना प्रामुख्याने नामदेवांच्या गाथेच्या आश्रयाने आपल्यापर्यंत पोचली आहे. साहजिकच, एखादा अभंग जनाबाईंचा की अन्य कोणाचा, असा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे अभंगाच्या अखेरीस येणारी 'जनी' ही नाममुद्रा अभ्यासकाचा पहिला आधार ठरते. गाथा एकदा संगणकावर आली की हा निवाडा यंत्रच करील, असा समज विद्यार्थ्यांत आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाच्या निमित्ताने चिन्हांकन भाषा म्हणजे काय आणि ती आज्ञावलीच्या भाषेहून कशी वेगळी आहे, याचा विचार करावयाचा आहे.

२. शब्द सापडतो, मुद्रा सापडत नाही

गाथेचा संपूर्ण मजकूर संगणकात भरून 'जनी' हा शब्द शोधण्याची आज्ञा दिली, असे समजू. यंत्र ती आज्ञा बिनचूक पाळील. परंतु प्राचीन मराठीत 'जनी' हे 'जन' या नामाचे सप्तम्यंत रूपही आहे आणि त्याचा अर्थ 'लोकांत' असा होतो. 'सज्जनी', 'रजनी' या शब्दांच्या पोटातही तीच अक्षरे आहेत. शिवाय दुसऱ्या कवीने जनाबाईंचा आदराने केलेला उल्लेख आणि जनाबाईंनी स्वतः घातलेली मुद्रा यांत अक्षरदृष्ट्या कोणताच फरक नाही. येथे आज्ञावली चुकलेली नसते. जो भेद वाचकाला संदर्भाने कळतो, तो मजकुरात कोठेही नोंदलेला नसतो, हे खरे कारण होय.

हा भेद मजकुरातच नोंदवण्याची व्यवस्था म्हणजे चिन्हांकन भाषा. इंग्रजी परिभाषेत तिला 'मार्कअप' म्हणतात. तिच्यात मजकुराच्या भागाभोवती आरंभाची आणि समाप्तीची खूण घालतात. उदाहरणार्थ :

<नाममुद्रा कवी="जनाबाई">जनी</नाममुद्रा>

खुणेतील शब्द कवीचे नव्हेत, संपादकाचे आहेत. ते मूळ पाठात मिसळत नाहीत, पण त्याच्यासोबत राहतात.

३. पोथीतील पूर्वपरंपरा

ही कल्पना आपल्याला सर्वस्वी नवी नाही. जुन्या पोथ्यांत शब्द सलग लिहिले जात. चरणाची व श्लोकाची समाप्ती दंडाने दाखवीत, कडव्यांना अंक घालीत, महत्त्वाच्या शब्दांवर गेरू लावीत आणि चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फाशीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथूनच आला. या खुणा मोठ्याने वाचावयाच्या नसतात. मजकुराचा कोणता भाग काय आहे, एवढेच त्या सांगतात.

४. स्वार्थ आणि आज्ञार्थ

दोन्ही भाषांतील भेद मराठी व्याकरणाच्या परिभाषेत नेमका मांडता येतो. आज्ञावलीची भाषा मुख्यतः आज्ञार्थी व संकेतार्थी आहे : 'हे मोज', 'असे असेल तर तसे कर', 'अखेरपर्यंत पुन्हा कर'. चिन्हांकन भाषा स्वार्थी आहे, कारण ती केवळ विधान करते : 'हा अभंग आहे', 'हा चरण आहे', 'ही नाममुद्रा आहे'. आज्ञावली चालवली जाते; चिन्हांकित मजकूर वाचला जातो. एकच चिन्हांकित गाथा घेऊन एक आज्ञावली छपाईची प्रत सिद्ध करील, दुसरी शब्दसूची करील, तिसरी कवीवार अभंग वेगळे काढील. खुणा मात्र त्याच राहतील.

या विचाराचा आरंभ १९६९ साली आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी यांनी केलेल्या कामात दिसतो. त्यातून विकसित झालेली एसजीएमएल ही भाषा १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरली. १९८७ साली साहित्याच्या व भाषेच्या अभ्यासकांनी 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' हा उपक्रम सुरू केला. चरण, पाठभेद, गाळलेला मजकूर, संपादकाची निश्चिती वा शंका, अशा बाबींसाठी त्यात स्वतंत्र खुणा आहेत. १९९८ साली आलेल्या एक्सएमएलमध्ये खुणांची नावे देवनागरीतही देता येतात. वरील उदाहरण त्याच पद्धतीचे आहे.

५. मर्यादा

दोन भाषांमधील सीमारेषा सर्वत्र स्वच्छ नाही. १९९९ साली आलेली एक्सएसएलटी ही रूपांतराची भाषा खुणांच्याच रूपात लिहिली जाते, पण तिचे कार्य आज्ञावलीचे आहे. साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जाणवणारी अडचण वेगळी आहे. एक्सएमएलमध्ये एका खुणेच्या पोटात दुसरी पूर्णपणे सामावावी लागते. अभंगात मात्र वाक्याचा अन्वय पुष्कळदा एका चरणाच्या मध्यावर सुरू होऊन पुढच्या चरणाच्या मध्यावर संपतो. अशा वेळी छंदाची रचना आणि वाक्याची रचना एकमेकींना छेदतात. त्यांपैकी कोणती मुख्य मानावयाची आणि कोणती तुकड्यांत नोंदवावयाची, हे संपादकाला ठरवावे लागते.

६. समारोप

आज्ञावली चुकली तर उत्तर चुकते आणि चूक बहुधा उघडकीस येते. खूण चुकली तर अर्थनिर्णय चुकतो, आणि यंत्राला ते कधीच कळत नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा यांची रचना मिसळल्याचा वाद अभ्यासकांना परिचित आहे. त्या वादातील अभंगांवर निःशंक खूण घालणे म्हणजे अनिर्णित प्रश्न निकालात काढल्याचा आभास निर्माण करणे होय. म्हणून कर्तृत्व संदिग्ध असेल तेथे संदिग्धतेचीच खूण घालावी. खुणा घालण्याचे हे काम संगणकतज्ज्ञांवर सोपवून मोकळे होता येणार नाही. ते पाठचिकित्सेचेच काम आहे. 'जनी' हा शब्द यंत्र शोधून देईल, पण त्यामागे जनाबाई उभ्या आहेत की नाहीत, याचे उत्तर गाथा वाचणाऱ्यानेच द्यावयाचे आहे.