शंकेला उत्तर हवे, धाक नव्हे

सन २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठातून निघून त्याला जोडली गेली. बल्लारपूर, राजुरा, अहेरी, सिरोंचा येथील आपलीही मुले-मुली तेथे शिकत आहेत. कित्येक घरांत पदवीपर्यंत पोहोचणारी ही पहिलीच पिढी. वाचकहो, घराला आपण न चुकता कुलूप लावतो. या मुलांच्या विचारांची राखण कोणी करावी?

वसतिगृहाच्या खोलीत रात्री मोबाईलवर एक आवाज सांगतो की, दीन ही कालबाह्य गोष्ट आहे. दुसरा सांगतो की, आम्ही मूठभरच खरे मुसलमान, बाकी सारे दीनबाहेर. बंदुकीनेच न्याय मिळतो, या विचाराची रक्ताने मोजलेली किंमत तर या जंगलाने अनेक दशके पाहिली आहे. या सर्व आवाजांत एक साम्य आहे : ते ऐकणाऱ्याला पडताळणीची उसंत देत नाहीत.

पवित्र कुरआन मात्र पडताळणीचाच आदेश देतो. अविश्वासू माणसाने आणलेल्या बातमीची आधी तहकीक करा, असे सूरह हुजुरात (४९:६) मध्ये फर्माविले आहे. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, कारण कान, डोळे व अंतःकरण या सर्वांविषयी जाब विचारला जाईल, अशी ताकीद सूरह बनी इस्राईल (१७:३६) मध्ये आहे.

आणि जे भरकटले त्यांचे काय? खारिजी हजरत अली (रजि.) यांच्यापासून फुटले, तेव्हा हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) स्वतः त्यांच्याकडे गेले. त्यांनी प्रथम त्यांचे आक्षेप ऐकून घेतले. निर्णयाचा अधिकार अल्लाहचा असताना माणसांना लवाद का नेमले, हा एक आक्षेप होता. पती-पत्नीच्या वादात दोन्ही घरांतून लवाद नेमण्यास कुरआनच सांगतो (४:३५), हे त्यांनी दाखवून दिले. त्या संवादानंतर बरेच लोक परत आले.

माझी एक चूक येथे कबूल करतो. एका विद्यार्थ्याने जुमाच्या नमाजनंतर मला तकदीरविषयी प्रश्न विचारला. "असे प्रश्न विचारू नयेत," असे म्हणून मी त्याला गप्प केले. पुढे तो मशिदीत दिसेनासा झाला. त्याने उत्तर कोठे शोधले असेल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

म्हणून विद्यार्थ्यांनो, कोणताही विचार स्वीकारण्यापूर्वी पाहा : सांगणारा कोण, त्याचा आधार काय आणि त्याला तुमच्याकडून काय हवे आहे? मातापित्यांनो, रागावण्यापूर्वी पूर्ण ऐकून घ्या. आणि आम्हा इमामांनी इमाम मालिक (रह.) यांचा कित्ता गिरवावा. एवढे थोर विद्वान असूनही अनेक प्रश्नांना ते "मला माहीत नाही" असे निःसंकोच सांगत. ठाऊक नसेल तर विचारून सांगू. पण विचारणाऱ्याला रिकाम्या हाती परत पाठवू नये.

अल्लाह आपल्या मुलांना लाभदायक ज्ञान आणि आपल्याला त्यांचे ऐकण्याचा संयम देवो. आमीन.