मेंदूतील विजेचा आलेख

गुरुजी इतिहासाची टिपणे सांगत आहेत आणि सारा वर्ग लिहून घेत आहे, अशी कल्पना करा. एक मुलगी मधेच थांबते. पेन हातात, डोळे उघडे, पण नजर शून्यात. हाक मारली तरी ती ओ देत नाही. दहा सेकंदांनी पुन्हा लिहू लागते, जणू काही घडलेच नाही! वहीत मात्र मधले वाक्य नसते. "लक्ष कुठे आहे?" म्हणून तिला बोलणी बसतात.

असे वारंवार होत असेल तर तो अपस्मार, म्हणजे फेफरे, असू शकेल. हातपाय झटकत कोसळणे हा त्याचा प्रकार सर्वांना ठाऊक असतो. हा दुसरा प्रकार शांत असल्याने ओळखू येत नाही. तो ओळखण्याचे साधन भौतिकीने दिले.

मेंदूतील चेतापेशींचे काम विजेवर चालते. प्राण्यांच्या मेंदूतील वीज रिचर्ड केटन या इंग्रज वैद्याने १८७५ साली दाखवली. माणसाच्या मेंदूतील वीज प्रथम नोंदवली ती जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. डोक्याच्या कातडीवर मिळणारा विद्युत् दाब सुमारे ५० मायक्रोव्होल्ट असतो. विजेरीच्या दीड व्होल्टच्या घटाचा हा तीस हजारावा हिस्सा! म्हणून बर्गर यांनी पाच वर्षे पुनःपुन्हा पडताळा घेतला, स्वतःच्या मुलावरही प्रयोग केले, आणि १९२९ साली निबंध प्रसिद्ध केला. तरी अनेकांना तो पटला नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा शंका फिटली. या आलेखालाच आज आपण इ.इ.जी. म्हणतो.

डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या आलेखात सेकंदाला सुमारे १० लहान लाटा दिसतात. बोस्टन येथील गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स यांना १९३५ साली आढळले, की शून्यात पाहणाऱ्या रुग्णाच्या आलेखात त्या क्षणी सेकंदाला ३ मोठ्या लाटा उमटतात आणि प्रत्येकीबरोबर एक टोकदार सुळका असतो.

लाटा मोठ्या का होतात? शाळेबाहेर उभे राहा. वर्गात मुले आपापसात बोलत असतील तर नुसता गलका ऐकू येतो. तीच मुले एका सुरात पाढे म्हणू लागली, की आवाज दूरवर जातो. एरवी चेतापेशी आपापले 'बोलत' असतात. फेफऱ्याच्या वेळी लक्षावधी पेशी एकाच तालात काम करू लागतात.

आता एक उदाहरण सोडवा. इ.इ.जी.चा कागद पूर्वी सेकंदाला ३० मिलिमीटर सरकत असे. म्हणजे सेकंदाला ३ असलेले सुळके एकमेकांपासून १० मिलिमीटरवर पडत. असे सुळके २४ सेंटिमीटर लांब पट्टीवर दिसले, तर ती मुलगी किती वेळ 'गैरहजर' होती? उत्तर : ८ सेकंद.

इ.इ.जी. 'केव्हा' ते उत्तम सांगतो, पण 'कोठे' ते तितके नेमके नाही, कारण कवटीतून येताना विजेचा दाब पसरट होतो. विद्युत् प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असते हे तुम्ही शिकला आहात. ते कवटीतून जवळजवळ न बिघडता बाहेर येते. अमेरिकेत डेव्हिड कोहेन यांनी १९६८ साली मेंदूचे हे क्षेत्र मोजले. पृथ्वीच्या क्षेत्राहून ते कोट्यवधी पटींनी क्षीण असते! एम.आर.आय. चित्रात मेंदूतील व्रण किंवा गाठ दिसते. औषधांनी फेफरे थांबत नसेल, तर शस्त्रक्रियेची जागा ठरवताना या साऱ्यांचा मेळ घातला जातो.

अपस्मार ही बाहेरची बाधा नव्हे आणि तो संसर्गजन्यही नाही. फेफरे आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवून उपयोग होत नाही. त्याला कुशीवर वळवा, जवळच्या टणक वस्तू दूर करा, तोंडात काहीही घालू नका आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

आणि वर्गात अशी शून्यात पाहणारी मैत्रीण दिसली, तर तिला हसू नका. काय पाहिले ते तिच्या घरच्यांना व गुरुजींना सांगा, म्हणजे ते तिला डॉक्टरांकडे नेतील. राहिलेले वाक्यही तुमच्या वहीतून तिला उतरवून घेऊ द्या.