मानेत येणारी शिंक

१. डोळे मिचकावणं म्हणजे दरवेळी डोळ्यांचंच दुखणं नसतं. लेक सात वर्षांचा असताना आम्ही आधी डोळ्यांत थेंब घातले, तो घसा खाकरू लागल्यावर खोकल्याचं औषध पाजलं. मग मान झटकू लागली. "पोट्ट्याले नजर लागली," म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. कुणी सैलानीच्या दर्ग्याला न्यायला सांगितलं. दीड वर्ष असंच गेलं. शेवटी तेल्हाऱ्याहून एसटीनं अकोला गाठलं, तेव्हा डॉक्टरांनी नाव सांगितलं: टुरेट. अंगाचे झटके, सोबत आवाजाचा किमान एक, वर्षाहून जास्त काळ आणि सुरुवात वयाच्या १८ च्या आत. निदान यावरून होतं, त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी नाही.

२. तो मुद्दाम करत नाही. "आई, शिक येते ना वं, तशी मानीत येते. दाबली का अजून जोरानं येते," असं त्यानंच सांगितलं. शाळेत दिवसभर दाबायचा आणि घरी दप्तर टाकलं की तासभर मान थांबायची नाही. मी मात्र ओरडायची, "बंद कर ते!" ओरडलं की झटके वाढायचे. ते माझे शब्द मला अजून टोचतात.

३. या आजारात सगळेच शिव्या देतात, हा समज खोटा आहे. तसं दहातल्या एखाद-दुसऱ्याचंच होतं.

४. गोळी ही पहिली पायरी नाही. समुपदेशकांनी आधी झटका येण्याआधीची कळ ओळखायला शिकवलं. कळ आली की हनुवटी हलकेच आत घ्यायची, मान ताठ धरायची आणि ती ओसरेपर्यंत संथ श्वास घ्यायचा. रोज संध्याकाळी ओसरीवर आम्ही दोघं हा सराव करायचो. पुढे क्लोनिडीनची गोळी सुरू झाली, तर दुपारच्या तासाला पेंग यायची. डॉक्टरांनी मात्रा बदलली. ही गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका, रक्तदाब उसळतो.

५. बहुतेक मुलांत दहा ते बाराव्या वर्षी जोर सर्वाधिक असतो, पुढे ओसरतो. माझा आता १५ चा आहे. मान क्वचितच हलते, खाकरणं आहे.

६. एका वर्गात आवाज करतो म्हणून त्याला बाहेर उभं केलं होतं. तेल्हारा, हिवरखेड, अकोटच्या गुरुजी-मॅडमना हात जोडून सांगते: असं लेकरू वर्गात दिसलं तर त्याला रागावू नका, त्याच्या आईबापाला बोलावून घ्या.