वादळ येण्यापूर्वीं

तहान लागल्यावर विहीर खणावयास निघणाऱ्या मनुष्यास आपण हंसतों. परंतु संकटांच्या बाबतींत आपणांपैकीं पुष्कळांचें वर्तन त्याच्यासारखेंच असतें. वादळ अथवा पूर दाराशीं येईपर्यंत आपण त्याचा विचार मनांत आणीत नाहीं, आणि दाराशीं आल्यावर विचार करण्यास वेळ उरत नाहीं. जेथें शेंकडों मुलेंमुली आईबापांपासून दूर एकत्र राहतात, त्या विद्यालयांस व वसतिगृहांस ही हयगय फार महाग पडते. २००५ सालीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरांतील तीन विद्यापीठांवर जो प्रसंग गुदरला, त्यावरून या विषयाचा विचार करूं.

प्रथम हें वादळ म्हणजे काय, तें पाहूं. समुद्राच्या पृष्ठभागाचें पाणी सुमारें २६ ते २७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापलें म्हणजे त्याची पुष्कळ वाफ होऊन ती वर चढते. वर गेल्यावर ती थंड होऊन तिचे ढग बनतात, व त्या वेळीं जी उष्णता बाहेर पडते तीच वादळाचें इंधन होय. खालीं हवेचा दाब कमी होतो, चोहोंकडून वारे तेथें धांव घेतात, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळें उत्तर गोलार्धांत ते घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें गरगर फिरूं लागतात. अटलांटिक महासागरांतील अशा वादळाच्या वाऱ्याचा वेग ताशीं ११९ किलोमीटर झाला कीं त्यास ‘हरिकेन’ म्हणतात, आणि वेगाप्रमाणें त्याच्या पांच श्रेणी मानतात. आपल्याकडील चक्रीवादळ हें याच जातीचें. वाऱ्याहूनही पाणी अधिक घातक असतें. कारण वारा समुद्राचें पाणी लोटीत किनाऱ्यावर चढवितो व तें घरादारांत शिरतें.

न्यू ऑर्लिन्स हें शहर मिसिसिपी नदीच्या कांठीं वसलेलें असून त्याचा बराच भाग समुद्रसपाटीहूनही खालीं आहे. बांध आणि कालव्यांच्या भिंती यांवरच त्याचें रक्षण अवलंबून असतें. ता. २८ ऑगस्ट २००५ रोजीं ‘कॅटरिना’ हें वादळ मेक्सिकोच्या आखातांत पांचव्या श्रेणीस पोहोंचलें. दुसऱ्या दिवशीं, सोमवारीं, तें किनाऱ्यास लागलें तेव्हां त्याचा जोर तिसऱ्या श्रेणीपर्यंत उतरला होता. तरी त्यानें लोटलेल्या पाण्यापुढें बांध व भिंती अनेक ठिकाणीं ढासळल्या. वारा ओसरला, पण पाणी चढतच राहिलें. शहराचा सुमारें शेंकडा ८० भाग पाण्याखालीं गेला. या वादळामुळें एकंदर १,३०० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

शनिवार ता. २७ ऑगस्ट हा तेथील तुलेन विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्यांच्या आगमनाचा दिवस होता. ज्या दिवशीं मुलांनीं वसतिगृहांत राहावयास यावयाचें, त्याच दिवशीं अध्यक्ष स्कॉट कोवेन यांस सांगावें लागलें कीं, विद्यापीठ बंद होत आहे, सर्वांनीं शहर सोडावें. पुष्कळ विद्यार्थी आईबापांबरोबर परतले. ज्यांस जाण्याचें साधन नव्हतें, अशा सुमारें ६०० विद्यार्थ्यांस बसगाड्यांतून मिसिसिपी राज्यांतील जॅक्सन स्टेट विद्यापीठांत नेण्यांत आलें. पुढें वादळाचा तडाखा त्या शहरासही बसला, वीज बंद पडली, व मुलांस आणखी दूर हालवावें लागलें. तथापि तीं सर्व सुरक्षित होतीं.

डिलर्ड विद्यापीठानेंही आपल्या विद्यार्थ्यांस बसगाड्यांनीं लुइझियाना राज्याच्या दुसऱ्या टोंकास, श्रीव्हपोर्ट येथील सेंटेनरी कॉलेजांत पाठविलें. वाटेंत एका गाडीस आग लागून मुलांचें सामान जळालें, परंतु मुलें वांचलीं. इकडे डिलर्डचें आवार पाण्याखालीं गेलें व कांहीं इमारती आगीच्याही भक्ष्यस्थानीं पडल्या. त्या वेळीं विद्यार्थी तेथें असते, तर काय झालें असतें, याची कल्पनाच करावी.

तिसरें झेवियर विद्यापीठ. तेथेंही बहुतेक विद्यार्थी निघून गेले. परंतु शेंकडों विद्यार्थी व कर्मचारी मागें राहिले. पाणी चढल्यावर इमारतींच्या वरच्या मजल्यांवर कित्येक दिवस काढल्यानंतर त्यांची नावांतून सुटका झाली. येथें कोणास दोष देण्याचा हेतु नाहीं. शहर सोडण्याचा सक्तीचा हुकूम रविवारीं सकाळीं, म्हणजे वादळाच्या केवळ एक दिवस आधीं निघाला होता. शहरांतही हाच प्रकार घडला: ज्यांच्यापाशीं मोटार व खर्चास पैसा होता ते बहुधा निघाले, मागें राहणाऱ्यांत गरीब, वृद्ध व आजारी यांचा भरणा मोठा होता. म्हणून कोणत्याही योजनेची खरी कसोटी हीच कीं, ज्याच्यापाशीं कांहींच साधन नाहीं, त्याची सोय तींत झाली आहे कीं नाहीं? साधनसंपन्न मनुष्य योजनेवांचूनही वांचतो.

संकट वादळाबरोबर संपलेंही नाहीं. तुलेन विद्यापीठ त्या सबंध सत्रांत बंद राहिलें. अध्यक्ष व त्यांचे सहकारी ह्यूस्टन शहरांतून कारभार पाहूं लागले. नेहमींचीं दळणवळणाचीं साधनें बंद पडल्यामुळें तात्पुरत्या संकेतस्थळावरून विद्यार्थ्यांस खबर द्यावी लागली. देशांतील शेंकडों विद्यालयांनीं या निराश्रित विद्यार्थ्यांस आपल्या वर्गांत घेतलें. ता. १७ जानेवारी २००६ रोजीं तुलेन व झेवियर पुन्हां उघडलीं. डिलर्डचे वर्ग त्या सत्रांत शहरांतील एका मोठ्या हॉटेलांत भरले. विद्यार्थ्यांचा निवासही तेथेंच होता. वर्ष अगदींच वायां गेलें नाहीं, तें या परस्पर साहाय्यामुळें.

हा दूरदेशचा वृत्तांत आपणांस परका नाहीं. ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यांत किनाऱ्यास लागलें. घरांचीं छपरें उडालीं, नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या, विजेचे खांब कोसळले व कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत राहिलीं. अरबी समुद्रांत अशीं वादळें विशेषेंकरून मे-जून व ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत उठतात. भारतीय हवामान खातें किनाऱ्यावरील वादळी हवेची सावधगिरीची सूचना सुमारें ४८ तास व पुढील इशारा २४ तास आधीं देतें. दोन दिवस हा अवधि थोडा नव्हे. मात्र काय करावयाचें हें आधींच ठरलेलें असेल तरच तो पुरतो.

तेव्हां प्रत्येक वसतिगृहानें पुढील गोष्टी स्वस्थतेच्या काळींच लिहून ठेवाव्या. कोणती सूचना आली म्हणजे निघावयाचें, व तो हुकूम कोणीं द्यावयाचा? जावयाचें कोठें, आणि त्या ठिकाणच्या चालकांची संमति घेतली आहे काय? वाहनें कोणाचीं व किती? घरीं जाऊं न शकणारे, आजारी अथवा अपंग विद्यार्थी कोणते? निघतांना व पोहोंचल्यावर हजेरी कोण घेईल? निकाल व नोंदवह्यांच्या प्रती दुसऱ्या गांवीं ठेवल्या आहेत काय? ही योजना वर्षांतून एकदां तरी कवाईतीप्रमाणें करून पाहावी, म्हणजे कागदावरील उणिवा दिसून येतात.

विद्यार्थ्यांनींही कांहीं गोष्टी ध्यानांत धराव्या. तीन दिवस पुरेल इतकें पिण्याचें पाणी, माणशीं रोज सुमारें चार लिटर, भरून ठेवावें. विजेरी, औषधें, कोरडा खाऊ व महत्त्वाचे कागद पाणी न शिरेल अशा पिशवींत असावे. वादळाचा ‘डोळा’ माथ्यावर आला कीं वारा एकाएकीं पडतो. तेव्हां वादळ संपलें असें समजून बाहेर पडूं नये, कारण थोड्याच वेळांत उलट दिशेनें तितकाच प्रचंड वारा सुटतो. पुराच्या पाण्यांतून चालूं नये. तुटलेली वीजतार व उघडें गटार त्याखालीं दिसत नाहीं.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलास वसतिगृहांत ठेवतांना फी व जेवण यांबरोबर हेंही विचारावें कीं, वादळाच्या दिवशीं माझा मुलगा कोठें असेल व मला तें कोण कळवील? मुलाबरोबर आपला पत्ता, दूरध्वनीचा क्रमांक व परगांवीं राहणाऱ्या एखाद्या नातलगाचाही क्रमांक लिहून द्यावा. ज्या संस्थेपाशीं या प्रश्नाचें लिहिलेलें उत्तर तयार असेल, तेथें मूल निर्धास्तपणें ठेवावें. जेथें तें नसेल, तेथें पालकांनीं व चालकांनीं एकत्र बसून या सत्राच्या आरंभींच तें तयार करावें.