हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरची सामुदायिक जुळणी

वसतिगृहात शेजाऱ्याच्या अभ्यासात व्यत्यय न आणता व्याख्याने ऐकता यावीत, म्हणून ठाकुरवाडीत आम्ही मुलांसोबत हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर जुळविण्याचा पाठ घेतला. आराखडा चू मोय यांचा. पेपरमिंटच्या डबीत मावणारे हे उपकरण ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालते. ४.७ किलोओहमचे दोन समान रेझिस्टर बॅटरीचे व्होल्टेज निम्मे करून मधला बिंदू 'ग्राउंड' म्हणून देतात; ओपीए २१३४ ही आयसी दोन्ही कानांसाठी ध्वनिसंकेत ११ पट वाढविते.

सामान एकत्रच आणावे. कर्जत लोकलने दादर, तेथून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडवर पूर्ण यादी घेऊन जावे. एक नमुना वाजल्याखेरीज इतरांस सामान वाटू नये.

परंतु सोल्डरिंग आयर्न कोणाच्या हाती, हा खरा प्रश्न होता. पहिल्याच दिवशी दोन-तीन चुणचुणीत मुलांनी ते बळकावले. मुली सुटे भाग मोजून देत, तारा सोलून देत बसल्या. श्रमिकांची उतरंड इतिहासात शिकविणारे आम्ही, ती वर्गातच दिसल्यावर खजील झालो. मग नियम केला: आपला संच आपणच जोडायचा, शिक्षकानेही हात लावायचा नाही.

हेडफोन लावण्यापूर्वी आउटपुटचे डीसी व्होल्टेज मल्टिमीटरने तपासावे. ते काही मिलिव्होल्टच असावे. एका मुलीच्या संचात ते ३ व्होल्टांवर गेले. इनपुटच्या १०० किलोओहम रेझिस्टरचा डाग कच्चा राहिला होता. तिने तो स्वतः पुन्हा तापविला, व्होल्टेज मोजले, आणि मगच हेडफोन कानाला लावला.