वाफसा येऊ द्या, मग युरिया

जुलैच्या झडीत कपाशी पिवळी पडली की हात आधी जातो युरियाच्या गोणीकडे. तो हात दोन-तीन दिवस आवरा.

काळ्या रानात पाणी तुंबलं की मातीच्या फटींतली हवा निघून जाते. मग तिथले जिवाणू युरियापासून बनलेल्या नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि पैसे मोजून टाकलेलं नत्र वायू होऊन उडतं. बरंचसं साधा नायट्रोजन होऊन, थोडं नायट्रस ऑक्साइड होऊन. हा दुसरा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट उष्णता धरतो. 45 किलोच्या गोणीत नत्र जेमतेम 21 किलो. त्यातलं एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन जातं, असा ढोबळ हिशेब जगभर धरतात. तेवढंही सुमारे 90 किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचं, म्हणजे गोणीच्या वजनाच्या दुप्पट. 2015 पासून युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला, त्यानं नायट्रेट बनण्याचा वेग मंदावतो. तुंबलेल्या पाण्यावर मात्र तो उपाय नाही.

बोटभर खालची माती मुठीत दाबा. हाताला चिकटली तर थांबा. गोळा अंगठ्यानं सहज फुटला तर वाफसा आला. आधी कोळपणी, मग खोडापासून थोडं लांब, मातीआड खत. उघड्यावर फेकलेल्या युरियातलं नत्र उन्हात अमोनिया होऊन उडत जातं. मात्राही एकदम नको, विभागून द्या. आणि पाण्यात उभ्या पिवळ्या सोयाबीनला युरिया कशाला? चर काढून त्याच्या मुळांना हवा द्या.

शेणखताचंही ऐका. उकिरडा उकरल्यावर वाफ निघाली, काड्या ओळखू आल्या, तर खत अजून कच्चं आहे. ओल्या रानात ते युरियाबरोबर पडलं की जिवाणूंची पंगतच बसते. भातखाचरात कच्च्या शेणाचा मिथेन होतो. कुजलेलं खत उन्हाळ्यातच, शेवटच्या वखरपाळीला मिसळायचं. कोकणात भाताच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी चिखलात खोल खोचतात, ती पद्धत चांगली. नत्र मुळांजवळ राहतं.

झड हटतच नसेल तर उघडीप मिळेल तेव्हा 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया विरघळवून कपाशीच्या पानांवर फवारा. उरलेली गोणी तोंड बांधून फळीवर ठेवा. ओल लागली की आत दगड होतो.