शाळा समितीतील सभासदाने काय मांडावे?

“शाळा सर्वांना खुली आहे, मग काही मुलांसाठी वेगळी मदत कशाला?” हा प्रश्न आजही पालकसभेत हटकून निघतो. आपले जे बंधू-भगिनी शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, त्यांना अशा वेळी गप्प बसून चालणार नाही. म्हणून सभासद व विद्यार्थी यांच्यासाठी हा विषय येथे थोडा उलगडून मांडत आहोत.

शाळा खुली होणे म्हणजे काय, ते आधी पाहू. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार विद्यार्थ्याला प्रवेश नाकारला गेला. प्रकरण थेट विलायतेपर्यंत गेले आणि १८५८ मध्ये, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील, असे ठरले. दार कागदावर उघडले. पुढे जवळजवळ सत्तर वर्षांनी, १२ मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना आकडेच पुढे ठेवले. प्राथमिक शिक्षणात पुढारलेल्या हिंदूंचे लोकसंख्येच्या दर हजारी ११९ विद्यार्थी, मुसलमानांचे ९२, मधल्या वर्गाचे ३८ आणि मागासवर्गाचे अवघे १८. कॉलेजात तर मागासवर्गापुढे शून्य! आम्ही बँकेत दिवसभर आकडेच लिहितो, पण इतका बोलका ताळेबंद क्वचितच पाहिला. जो मागे राहिला आहे त्याला झुकते माप दिल्याशिवाय ही तफावत मिटणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. (त्यानंतर आठच दिवसांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी पेटले.)

आपल्या करवीर संस्थानात हा विचार आधीच कृतीत उतरला होता. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने राजर्षी शाहू छत्रपतींनी नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. विरोध करणाऱ्या सांगलीच्या अभ्यंकर वकिलांना महाराजांनी पागेत नेऊन घोड्यांच्या चंदीचा प्रकार दाखविला, ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. परंतु आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटतात ती वसतिगृहे. खेड्यातला अस्पृश्य मुलगा कोल्हापुरात शिकायला आला, तर त्याला खोली कोण देणार? १९०८ चे मिस क्लार्क बोर्डिंग हे त्याचे उत्तर होते. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम निघाला. ध्यानात घ्या, वेगळी शाळा बंद केली, पण बोर्डिंग बंद केले नाही. एकत्र बसविणे आणि जादा आधार देणे या दोन्ही गोष्टी बरोबरच चालल्या.

आपल्याच हातकणंगले तालुक्यातील कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील आणखी पुढे गेले. १९२४ मध्ये साताऱ्यास सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत व एकाच पंगतीत जेवत.

आता कायद्याचे पाहू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणशीर जागा ठेवल्या आहेत. खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागांच्या तरतुदीतून बऱ्याच शाळा वगळण्याचा प्रयत्न राज्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा मिळालेले आपोआप टिकते, असे कोणी समजू नये.

समितीला शाळेच्या कामावर व अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवण्याचा आणि विकास आराखडा करण्याचा अधिकार आहे. सभासदाने सभेत विचारावे: यंत्रमागावर कामाला आलेल्या परप्रांतीय कुटुंबांची मुले पटावर आहेत काय? घरी कानडी किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाला पहिलीत कोण समजावून सांगते? अपंग मुलासाठी उतरण आहे काय? शिष्यवृत्तीचे अर्ज कोणाचे राहिले? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि पुढच्या सभेत तेच पान उघडावे.